एकाच घरातले दोन कुत्रे एकमेकांच्या अंगावर जातात तेव्हा

घरातल्या दोन कुत्र्यांची जुंपली की माणसं आधी गोंधळतात आणि मग त्यांना अपराधी वाटू लागतं. कालपर्यंत एकाच सतरंजीवर पाठीला पाठ लावून झोपणारे दोघे आज एकमेकांच्या मानेला धरतात, फरशीवर रक्ताचे थेंब पडतात, मुलं रडतात आणि कोणीतरी म्हणतं, ‘यातल्या एकाला देऊन टाका.’ तो निर्णय आज घ्यायचा नाही. पुष्कळ घरांत ही भांडणं आटोक्यात येतात. त्याला काही आठवडे लागतात, कधी महिने लागतात, आणि रोजची शिस्त लागते.

ज्यांच्या घरी हे पहिल्यांदाच घडतंय त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. भांडण कुत्र्याच्या अंगवळणी पडतं. पहिलं भांडण हाडावरून झालं असेल, तर दुसरं रिकाम्या ताटलीवरून होतं आणि तिसरं नुसत्या नजरेवरून. म्हणून दोघांच्या दिलजमाईच्या मागे लागण्याआधी पुढचं भांडण होऊच द्यायचं नाही. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत, आणि मधली पायरी गाळून पुढे जाता येत नाही.

पायरी १: जुंपलेली असताना

हात तोंडाजवळ न्यायचा नाही. गळपट्टा धरून ओढावं असं सगळ्यांनाच वाटतं, आणि घरच्या माणसाला चावा बसतो तो याच वेळी. त्या क्षणी कुत्रा हात कोणाचा आहे हे पाहत नाही. पट्ट्याने मारू नका, लाथ मारू नका. मार बसला की तो समोरच्या कुत्र्यामुळेच बसला असं त्याच्या डोक्यात बसतं आणि पकड आणखी घट्ट होते.

आधी मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवा. मग हाताशी असेल ते वापरा: पातेल्याची दोन झाकणं एकमेकांवर जोरात आपटणं, तोंडावर बादलीभर पाणी, दोघांच्या अंगावर जाड गोधडी किंवा ब्लँकेट टाकणं, मधे प्लॅस्टिकची खुर्ची किंवा मोठा पुठ्ठा सरकवणं. काही घरांत दाराची बेल वाजवली की दोघेही क्षणभर थांबतात आणि तेवढा क्षण पुरतो.

घरात दोन मोठी माणसं असतील आणि बाकी काहीच चालत नसेल, तर दोघांनी एकाच वेळी एकेका कुत्र्याच्या मागच्या मांड्या कमरेजवळ धरून, त्याला मागे आणि किंचित गोलाकार ओढत न्यायचं. गोलाकार अशासाठी, की त्याला पुढचे पाय सांभाळावे लागतात आणि वळून चावता येत नाही. एकाच माणसाने एकाच कुत्र्याला धरलं तर दुसऱ्याला मोकळं रान मिळतं, तेव्हा एकटे असाल तर हे करू नका. आणि एकाने दात रुतवून धरून ठेवलं असेल तर जोराने ओढू नका, कातडी फाटते. दोघांना आहे तिथे स्थिर धरा. पकड बदलण्यासाठी तो जबडा सैल करतो, तेव्हा मागे घ्या.

सुटल्यावर दोघांच्या मधे बंद दार हवं. उंबऱ्यावर उभं राहून ‘बघ, काय केलंस’ असं रागावण्याचा काही उपयोग नाही, आणि दोघांना समोरासमोर आणून ‘सॉरी’ म्हणायला लावणं तर फार धोक्याचं. दुसरं भांडण पुष्कळदा अशा समेटातच होतं.

पायरी २: पहिला तास

कुत्र्याच्या दातांची जखम फसवी असते. वर तांदळाच्या दाण्याएवढं भोक दिसतं आणि आत स्नायू फाटलेला असतो. केसाळ कुत्र्यात तर भोकही दिसत नाही. मान, कानांच्या मागे, काखा, छाती, पोट आणि मागच्या मांड्या बोटांनी हळूहळू चाचपा. ओलं लागेल तिथे केस बाजूला करून बघा. स्वच्छ पाण्याने किंवा सलाइनने धुवा आणि त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या. जखमेत हळद भरू नका. ती आत घट्ट बसते आणि डॉक्टरांना आधी तीच काढावी लागते. दुखत असेल म्हणून आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन तर अजिबात देऊ नका, ती कुत्र्यांसाठी विषारी ठरू शकतात. मोठ्या कुत्र्याने लहानग्याला तोंडात धरून झटकलं असेल, तर वरून एकही खूण नसली तरी आत इजा असू शकते. त्याला लगेच न्या.

माणसाला दात लागला असेल तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची. घड्याळ लावून, पूर्ण १५ मिनिटं. मग त्याच दिवशी डॉक्टर. आपला कुत्रा लस घेतलेला आहे म्हणून घरीच ठरवून मोकळं होऊ नका. रेबीजची लस, धनुर्वाताचं इंजेक्शन आणि खोल जखमेसाठी लागणारं इम्युनोग्लोब्युलिन, यातलं काय हवं ते डॉक्टर ठरवतील. तुम्ही आधी कधी रेबीजची पूर्ण लस घेतली असेल तर तेही सांगा, कारण त्यावर डोस बदलतात.

पायरी ३: निदान तीन-चार दिवस पूर्ण वेगळे

भांडणानंतर कुत्र्याचं शरीर तासाभरात पूर्ववत होत नाही. अंग ताठ, झोप उथळ आणि बारीकशा आवाजाला उसळी, असं काही दिवस चालू राहतं. या दिवसांत दोघांना एकमेकांचं दर्शनही नको. एक हॉलमध्ये असेल तर दुसरा बेडरूममध्ये, आणि दर दोन-तीन तासांनी अदलाबदल. फिरायला वेगवेगळं, जेवण वेगवेगळं.

इथे घरातल्या मोठ्या माणसांचा जीव तुटतो. ‘बिचारीला कोंडून ठेवलंय.’ त्यांना समजावून सांगा की बंद खोली ही शिक्षा नाही. खोलीत तिची गादी, पाणी, चघळायला काहीतरी आणि अधूनमधून घरचं एखादं माणूस असलं, की बहुतेक कुत्री तिथे गाढ झोपतात. चोवीस तास एकमेकांवर पाळत ठेवण्यापासून सुटका होणं ही त्यांच्यासाठी मोठी विश्रांती असते.

चूक होते ती दारापाशी. कोणीतरी न बघता दार उघडतं आणि दुसरा आत घुसतो. म्हणून जमेल तिथे दोन अडथळे ठेवा: खोलीचं दार आणि पॅसेजमध्ये लहान मुलांसाठी मिळतं तसं जाळीचं फाटक. कुठला कुत्रा मोकळा आहे ते कळावं म्हणून दाराच्या कडीला एखादी रंगीत रिबीन बांधा. रिबीन असेल तर विचारल्याशिवाय दार उघडायचं नाही, हा नियम कामाला येणाऱ्या मावशींनाही सांगून ठेवा.

पायरी ४: दुखणं शोधा

वर्षानुवर्षं नीट राहिलेले कुत्रे अचानक भांडू लागले, तर सगळ्यात आधी दुखण्याचा संशय घ्यायचा. कुत्रा दुखणं लपवतो. त्याला चालताना त्रास दिसत नाही, पण धाकट्याने खेळता खेळता कमरेवर उडी मारली की तो उसळतो. घरच्यांना दिसते ती फक्त उसळी.

लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रिव्हर यांच्यात खुब्याच्या सांध्याचा त्रास नेहमीचा. पावसाळ्यात कानात बुरशी आणि जंतू वाढतात. कान दुखत असला की डोक्याजवळ कोणी आलेलं खपत नाही. गोचिडांपासून होणारा ताप आपल्याकडे सर्रास आढळतो आणि त्यात अंग दुखतं, भूक जाते, चिडचिड वाढते. किडलेला दात, थायरॉइडची कमतरता, म्हाताऱ्या कुत्र्याची कमी झालेली नजर किंवा ऐकू न येणं, यातलं काहीही असू शकतं. डॉक्टरांकडे जाताना ‘भांडतात’ एवढंच सांगू नका. ‘सांधे दाबून, हलवून बघा, कान आणि तोंड बघा, रक्त तपासा’ असं स्पष्ट सांगा. दोन्ही कुत्र्यांची तपासणी करा, कारण दुखणं चावणाऱ्याला असेल किंवा ज्याला चावा बसला त्यालाही. वागण्यात आलेला बदल दुसऱ्या कुत्र्याला आपल्याआधी कळतो. साधा डॉक्टर पुरेसा वाटत नसेल तर मुंबईत परळला, सातारा जिल्ह्यात शिरवळला आणि नागपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथल्या दवाखान्यांत वेगवेगळ्या विभागांचे डॉक्टर एका जागी भेटतात.

मादीचा माज हाही प्रश्न याच भेटीत विचारा. नसबंदी न झालेली मादी साधारण दर सहा महिन्यांनी माजावर येते. तेव्हा घरात दोन नर असतील तर ठिणगी पडतेच. पण माज संपल्यावर दीड-दोन महिन्यांनी काही माद्यांच्या शरीराला आपण गाभण आहोत असं वाटू लागतं. ती कोपऱ्यात गादी ओरबाडते, एखादं खेळणं पिल्लासारखं जपते आणि त्या कोपऱ्याकडे आलेल्या दुसरीवर तुटून पडते. घरच्यांना याचा माजाशी संबंध लागत नाही, कारण मधे इतके दिवस गेलेले असतात. तारखा लिहून ठेवल्यात तर लक्षात येईल.

पायरी ५: वही घाला

माझ्या मते सगळ्यात जास्त उत्तरं इथे सापडतात, म्हणून इथे थोडं थांबतो.

एक साधी वही घ्या. झालेलं प्रत्येक भांडण, आणि भांडण होता होता राहिलेला प्रत्येक प्रसंग लिहा: वेळ, घरातली नेमकी जागा, कोण माणसं जवळ होती, मधे कुठली वस्तू होती, आधीच्या तासाभरात काय झालं होतं, पहिल्यांदा कोण ताठ झालं, आणि कोणी माघार घ्यायचा प्रयत्न केला का.

समजा, तुमच्याकडे सहा वर्षांची लॅब्रेडॉर राणी आहे आणि दोन वर्षांची देशी चिमी, जिला पिल्लू असताना सोसायटीच्या गेटवरून उचलून आणलं. ‘कुठल्याही कारणावरून भांडतात’ असं सगळे म्हणतात. वहीत चार प्रसंग लिहून झाले की दिसतं, तीन भांडणं संध्याकाळी साडेसातच्या सुमारास, स्वयंपाकघराच्या दारात. आजी पोळ्या लाटत असतात आणि अधूनमधून तुकडा टाकतात. राणी दारात आडवी पडलेली असते, चिमीला आत जायचं असतं. चौथं भांडण बेल वाजल्यावर पॅसेजमध्ये. चारही जागा अरुंद आहेत, चारही वेळा दोघी उत्तेजित आहेत आणि तीनदा अन्न मधे आहे. आता ‘कुठल्याही कारणावरून’ हे वाक्य मागे पडतं आणि काय बदलायचं ते समोर येतं: पोळ्यांच्या वेळी एक बेडरूममध्ये, आजींच्या हातचा तुकडा बंद, बेल वाजण्याआधी पाहुण्यांनी फोन करायचा.

फ्लॅटमधल्या नेहमीच्या जागा सांगतो, त्या आधी तपासा. सोफा, जिथे एक तुमच्या मांडीशी बसलेला असतो आणि दुसरा येतो; इथे जपली जाते ती वस्तू म्हणजे तुम्ही. लिफ्ट. फिरायला जाताना पट्टा घालण्याची जागा, कारण आनंदाचा गोंधळसुद्धा भांडणात बदलतो. पलंगाखालची जागा. आणि बाल्कनी: खाली रस्त्यावरचे कुत्रे भुंकतात, दोघे ग्रिलला नाक लावून भुंकतात, त्यांच्यापर्यंत पोहोचता येत नाही आणि तो सगळा संताप शेजारी उभ्या असलेल्यावर निघतो. याला उपाय सोपा आहे. ग्रिलचा खालचा अर्धा भाग अपारदर्शक कापडाने झाका आणि बाल्कनीत एका वेळी एकच.

वयही लिहा. पिल्लू दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान स्वभावाने प्रौढ होतं. तोवर मोठ्या कुत्र्याने ज्याला पोर म्हणून सोडून दिलं, ते आता बरोबरीने उभं राहतं. घरातली भांडणं एकाच लिंगाच्या जोडीत अधिक दिसतात, आणि दोन माद्यांची जुंपली तर ती नरांच्या भांडणापेक्षा सहसा तीव्र असते, जास्त दिवस रेंगाळते. राणी आणि चिमी दोन्ही अर्थांनी नेमक्या त्या जोडीत बसतात.

भांडणाआधीचे दोन सेकंद

दात दिसण्याआधी कुत्रा बरंच काही सांगून मोकळा झालेला असतो. खेळताना अंग सैल असतं, पुढचे पाय टेकून मागचा भाग वर केला जातो, मधेमधे दोघे थांबतात, आणि पाठलाग करणारा थोड्या वेळाने स्वतः पळू लागतो. खरी तेढ असली की अंग ताठ होतं, तोंड मिटतं, श्वास थांबल्यासारखा वाटतो आणि नजर एका जागी खिळते. शेपूट उंच, टोकाशी थरथरणारी. एक दुसऱ्याच्या खांद्यावर मान ठेवतो, किंवा दारात आडवा उभा राहून वाट अडवतो. डोळ्यांचा पांढरा भाग कडेला दिसतो. खाता खाता अचानक थबकणं हे तर सगळ्यात भरवशाचं चिन्ह.

खेळ आहे की त्रास, हे कळेनासं झालं तर जो वर चढतो आहे त्याला हळूच बाजूला धरा. दुसरा आपणहून परत खेळायला आला तर खेळ. संधी साधून निघून गेला तर त्रास.

गुरगुरण्याबद्दल एक आग्रहाचं सांगणं. गुरगुरला म्हणून रागावू नका. ‘लांब राहा’ हे सांगण्याची ती त्याची सभ्य पद्धत आहे. ती मार खाऊन बंद झाली की राग तसाच राहतो, फक्त सूचना नाहीशी होते, आणि मग लोक म्हणतात, ‘काही न सांगता चावला.’ गुरगुर ऐकली की रागावण्याऐवजी हलक्या आवाजात दुसऱ्याला बोलवा, जागा मोकळी करा आणि वहीत लिहा.

‘घरात बॉस कोण’ हा विचार सोडून द्या

शेजारी, नातेवाईक आणि काही प्रशिक्षकही सांगतील की दोघांत वर्चस्वाची लढाई चालू आहे, तुम्ही ‘अल्फा’ म्हणजे कळपाचे सरदार व्हा, कुत्र्याला उताणं पाडून दाबून धरा. या कल्पनेचं मूळ लांडग्यांच्या अभ्यासात आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिवासातल्या लांडग्यांचं निरीक्षण करून १९४७ साली ते प्रसिद्ध केलं. एकमेकांना अनोळखी प्राणी एका बंद आवारात ठेवल्यावर ते झगडत होते. १९७० मध्ये डेव्हिड मीच यांच्या लेखनातून ही कल्पना जगभर पसरली. पुढे त्याच डेव्हिड मीच यांनी रानातल्या लांडग्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास करून १९९९ मध्ये लिहिलं की नैसर्गिक कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पिल्लं. तिथे कोणी लढून सरदार होत नाही. म्हणजे ज्यांनी ही कल्पना रुजवली त्यांनीच ती दुरुस्त केली.

उताणं पाडणं, काट्यांचा पट्टा, विजेचा झटका देणारा पट्टा, चोक चेन: दोन कुत्र्यांच्या भांडणात हे सगळं घातक आहे. भीती आणि वेदना वाढली की दात लवकर निघतात. हे सुचवणाऱ्या प्रशिक्षकाला नम्रपणे नाही म्हणा.

पायरी ६: घराची मांडणी बदला

वहीत जे सापडलं त्यानुसार घर बदलायचं. जेवण बंद दारांआड. दोघांचं संपल्यावर ताटल्या उचलून, ओट्यावर ठेवून, मगच दारं उघडायची. चघळायची हाडं आणि आवडती खेळणी एकेकट्या वेळीच. पाण्याची भांडी दोन, वेगवेगळ्या खोल्यांत. अरुंद पॅसेजमध्ये चपलांचं कपाट किंवा सायकल असेल तर ती हलवा, जेणेकरून दोघे एकमेकांना न घासता जाऊ शकतील.

दोघांनाही रोज तुमचा एकट्याचा वेळ मिळायला हवा. वीस मिनिटं पुरतात, पण ती खरोखर त्याचीच असावीत. रोजचा वास घेत घेत केलेला निवांत फेरफटका भांडणाची धार कमी करतो. चेंडूमागे तासभर पळवलं की कुत्रा दमतो, पण उत्तेजितही राहतो. या काळात चेंडू कमी आणि वास जास्त.

गणपतीत घर पाहुण्यांनी भरतं, दिवाळीत फटाके वाजतात. अशा दिवशी प्रयोग करायचे नाहीत. सकाळपासूनच दोघे वेगळे.

पायरी ७: मुसकं आणि चार शब्द

पुढच्या पायरीसाठी दोघांनाही जाळीचं मुसकं घालायची सवय हवी. जाळीचंच घ्या, ज्यात तोंड उघडून धापा टाकता येतात आणि पाणी पिता येतं. कापडी पट्टीसारखं, तोंड आवळून धरणारं मुसकं आपल्या उन्हाळ्यात जीवावर बेतू शकतं, कारण कुत्रा धापा टाकूनच अंग थंड ठेवतो.

पहिल्या दिवशी ते घालायचंच नाही. आतून दही किंवा पनीर लावा, हातात धरा आणि त्याला आपणहून नाक आत घालू द्या. चाटून झालं की काढून घ्या. काही दिवसांनी नाक आत असताना पट्टा मानेमागे नुसता टेकवा, मग क्षणभर बांधा, मग अर्धा मिनिट, मग घरात फिरताना पाच मिनिटं. पंजाने ओरबाडून काढायला लागला तर घाई झाली, एक टप्पा मागे या. दोन-तीन आठवडे लागले तरी चालतील.

याच काळात, दोघांना वेगवेगळं, चार शब्द शिकवा: स्वतःचं नाव ऐकून तुमच्याकडे बघणं, ‘ये’, ‘सोड’ आणि ‘जागेवर’. जागेवर म्हणजे आपापल्या चटईवर जाऊन बसणं, आणि ती चटई प्रत्येकाची वेगळी. बक्षीस म्हणून उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे बोटाच्या पेराएवढे तुकडे. मसाला, कांदा, लसूण नको. एकट्याने, शांत खोलीत दहापैकी नऊ वेळा ऐकत नसेल, तर दुसरा कुत्रा समोर असताना ऐकेल ही आशा व्यर्थ आहे.

पायरी ८: पुन्हा ओळख, लांबून

जखमा पूर्ण भरल्या, दुखण्यावर उपचार सुरू झाले, मुसक्याची सवय झाली, की मगच.

सुरुवात घराबाहेर. दोन माणसं, दोन कुत्रे, दोन साधे सहा फुटी पट्टे, शक्यतो छातीभोवती बसणारा हार्नेस. जागा अशी, जिथे रस्त्यावरचे कुत्रे येणार नाहीत: पहाटेची सोसायटीची पार्किंग, बंद मैदान, ओळखीच्या कोणाचं शेत. अंतर एवढं की दोघांनी एकमेकांना पाहिलं तरी अंग सैल राहील आणि हातातला तुकडा खातील. कोणाला पन्नास फूट लागतील, कोणाला शंभर. तुकडा नाकारला म्हणजे अंतर कमी आहे.

दोघांना एकाच दिशेने, समांतर चालवा. समोरासमोर आणू नका. चिमीने राणीकडे पाहिलं की लगेच तुकडा. राणीनेही पाहिलं की तुकडा. समोरची दिसली की काहीतरी चांगलं मिळतं, एवढंच त्यांच्या मनात बसवायचं आहे. दहा-पंधरा मिनिटांत संपवा. चांगलं चाललंय तेव्हाच घरी फिरा. ‘आणखी थोडं जवळ नेऊन बघू’ या मोहात आठवड्याची मेहनत जाते. दर दोन-तीन दिवसांनी अंतर थोडं कमी करा. कोणी ताठ झालं, टक लावली, तर आवाज न चढवता वळा, लांब जा आणि दुसऱ्या दिवशी आधीच्या अंतरापासून सुरू करा.

बाहेर पाच-सहा फुटांवर शेजारी शेजारी निवांत चालू लागल्या की घर. आधी जाळीचं फाटक, त्यावर चादर. दोन्ही बाजूंना, फाटकापासून लांब, दोघी आपापल्या चटईवर. काही दिवस नुसता वास आणि आवाज. मग चादर थोडी थोडी वर. मग फाटक उघडं, पण दोघी मुसक्यात, पट्टा माणसाच्या हातात, सगळ्यात मोठ्या खोलीत, अन्न आणि खेळणी उचललेली, तीन ते पाच मिनिटं. मग पुन्हा वेगळ्या. या मिनिटांत माणसांनी मोबाइल हातात घ्यायचा नाही.

वेळ हळूहळू वाढवा. कित्येक घरांत शेवटपर्यंत एक मर्यादा राहते: माणूस घरात असताना एकत्र, नसताना वेगळे. जेवण कायम वेगळं. ही मर्यादा मान्य केली तर पुढची अनेक वर्षं शांततेत जातात.

नसबंदी आणि औषधं

दोन नरांच्या भांडणात, विशेषतः जवळपास माजावरची मादी असताना, नसबंदीचा उपयोग होऊ शकतो. पण मुरलेलं वैर त्याने आपोआप जात नाही. माजाशी आणि खोट्या गर्भधारणेशी जोडलेली भांडणं असतील तर मादीची नसबंदी अर्थपूर्ण आहे. इतर वेळी दोन माद्यांत तिचा परिणाम सांगता येत नाही, म्हणून डॉक्टरांसमोर तुमची वही ठेवून मग ठरवा.

खूप भित्र्या, सतत ताणात असलेल्या कुत्र्याला डॉक्टर फ्लुऑक्सेटिनसारखं औषध सुचवू शकतात. त्याचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि ते शिकवणीसोबतच चालतं. घाबरू नका. कुत्रा त्याने गुंगत नाही, डोस नीट असला तर तो शिकण्याइतपत शांत होतो. मनाने सुरू करायचं नाही, मनाने बंदही करायचं नाही.

जमत नसेल तर

काही जोड्या जमत नाहीत आणि ते वेळेवर ओळखणं हे दोघांच्याही भल्याचं असतं. दरवेळी खोल जखमा होत असतील, एक कुत्रा दुसऱ्याला शोधत फिरत असेल, आकारात फार मोठी तफावत असेल, भांडणाआधी काहीच खूण दिसत नसेल, घरात रांगतं मूल असेल किंवा दारं सांभाळता येणार नाहीत अशी म्हातारी माणसं असतील, तर धोका खूप वाढतो. सततच्या भीतीने एक कुत्रा खाणं सोडून कोपऱ्यात बसू लागला असेल, तर एकही जखम नसली तरी तो दुःखातच जगतो आहे.

कायमचं वेगळं ठेवणं हा एक रास्त मार्ग आहे. घरात जागा असेल आणि घरच्यांची तयारी असेल तर दोघेही पाळीपाळीने सुखात राहतात. ते झेपणार नसेल तर नवं घर शोधा. रस्त्यावर किंवा लांबच्या गावी सोडून येणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, आणि घरात वाढलेला कुत्रा रस्त्यावरच्या टोळीसमोर फार टिकत नाही.

नवं घर शोधताना जो जास्त ‘वाईट’ त्याला द्यायचं असं नसतं. एकटं राहायला कोणाला आवडेल, नव्या माणसांत कोण लवकर रुळेल, कोणाचं वय आणि तब्येत बदल सोसेल, ते बघून ठरवा. घेणाऱ्यांना भांडणाची सगळी हकिगत सांगा, वही दाखवा, लसीकरणाचं कार्ड आणि औषधांची यादी द्या. घरात दुसरा कुत्रा नसलेलं कुटुंब शक्यतो निवडा. आधी एक-दोनदा त्यांच्या घरी घेऊन जा, मग आठवडाभर राहू द्या, आणि नाही जमलं तर कुत्रा तुमच्याकडेच परत येईल हे लेखी ठरवून घ्या.